भागूबाईंची ओळ

प्रत्येक गल्लीचे कान वेगळे असतात, हे मला ट्रेनिंग कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते भागूबाईंनी शिकवलं, आणि तेही मी विचारलेलं नसताना.

मी देवळाली प्रवरेची. विसाव्या वर्षी नगरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले, तेव्हा किल्ल्यात देशातली मोठी माणसं बंदिवान होती आणि गावात रॉकेलसाठी रांगा लागत होत्या. शाळा गावाच्या मध्यावर आणि मुली राहायच्या चार दिशांना. माळीवाडा, झेंडीगेट, ख्रिस्तगल्ली, तोफखाना. मुलीला एकटीला शाळेत धाडायला तेव्हा कुणाचे घरचे तयार नसत. म्हणून शाळेनं एक बाई ठेवलेली असे. तिनं सकाळी दारोदार जाऊन मुली गोळा करायच्या आणि शाळा सुटली की जिच्या तिच्या दारात पोचवायच्या. आमच्याकडं हे काम भागूबाई करत.

त्या मूळच्या काष्टीच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भावाच्या दारात तुकडा मोडण्यापेक्षा नगर बरं म्हणून आलेल्या. उंच, काटक, चालताना ढांगा पुरुषी. दर दहा पावलांनी मान वळवून मागं बघायची त्यांना सवय होती. मागं मुली असल्या तर ठीकच, पण बाजारातून एकट्या मीठ घेऊन येत असल्या तरी दहा पावलांनी मान वळायचीच. मी एकदा हसले तेव्हा म्हणाल्या, "मान आता तशीच बसली बाई. झोपंत बी मागं बघती आसंल."

पहिल्या आठवड्यात मी हौसेनं त्यांच्याबरोबर फेरीला गेले. माळीवाड्यात त्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून खणखणीत ओरडल्या, "ठके, चल गं." तिथली माणसं मळ्यात एकमेकांना हाका मारत वाढलेली. हळू बोललं की त्यांना वाटे, काहीतरी लपवताय. झेंडीगेटात मात्र भागूबाईंचा आवाज कुठं गेला कळेना. गोणपाटाच्या पडद्याबाहेर त्या पाठ फिरवून उभ्या राहिल्या आणि दोनदा खोकल्या. आतून जैनबची नानी म्हणाली, "जा बेटा, आ गई तेरी भागूबी." ख्रिस्तगल्लीत खोकायचीही गरज पडली नाही. मुली वेण्या घालून पायरीवर तयार होत्या आणि त्यांच्या आया भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या. उशीर झाला तरी त्या काही बोलत नसत, आणि म्हणूनच भागूबाई साऱ्या नगरात वचकून असत त्या फक्त त्यांनाच. शेवटी तोफखाना. घरोघरी मागांचा खडखडाट, तिथं हाक मारून काय उपयोग? भागूबाई दारात जाऊन मागावरच्या सुतावर नुसती आपली सावली पाडत. सूत काळवंडलं की विणणारा मान वर करी आणि आतून मुलगी बाहेर येई.

परतताना मी विचारलं नव्हतं तरी त्या म्हणाल्या, "परतेक गल्लीचं कान येगळं असत्यात बाई. माळीवाड्याची हाक झेंडीगेटात मारली, तर लोक दारं लावून घेत्याल."

त्यांच्या हातात एक अंबाडीचं चऱ्हाट असे, त्याला हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या. प्रत्येक मुलीची गाठ ठरलेली. मुलीनं आपली गाठ धरायची आणि शाळेपर्यंत सोडायची नाही. आणि एक नियम होता, तो कुठल्या सर्क्युलरात नव्हता. एकाच गल्लीच्या दोघी शेजारच्या गाठींवर येता कामा नयेत. माळीवाड्याच्या ठकूच्या पुढं झेंडीगेटची जैनब, जैनबच्या पुढं ख्रिस्तगल्लीची रूथ, रूथच्या पुढं तोफखान्याची लक्ष्मी. त्यामुळं माळीवाड्यातून निघताना चऱ्हाटावर दोन मुलींच्या मधे दोन-तीन गाठी मोकळ्या असत, आणि गल्लीगल्लीतून त्या भरत जात. मी म्हटलं, हा उपद्व्याप कशाला? तर म्हणाल्या, "एका गल्लीच्या दोघी लागोपाट आल्या की आयांची नळावरली भांडनं पुढं चालिवत्यात. येगळ्या गल्लीच्या आसल्या की ईचारत्यात, तुमच्यात आज काय केलंय?"

माळीवाड्यातल्या एका आजीनं तक्रार केली होती, की ख्रिस्ती नि मुसलमान पोरींच्या दोरीला आमची नात हात लावते, घरी आली की तिला अंघोळ घालावी लागते. भागूबाई म्हणाल्या, "चऱ्हाटाला कसला आलाय इटाळ आजी? हिरीत सोडलं तरी त्येच, बैलाला लावलं तरी त्येच." आजींनी अंघोळ घालणं काही सोडलं नाही, पण नातीला शाळेत धाडणंही सोडलं नाही. भागूबाईंना तेवढं पुरे होतं. ओळ तुटली नाही म्हणजे झालं. जगात त्यांना हवं असलेलं दुसरं काही मी तरी पाहिलं नाही.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण माझ्या बाबतीत रिकामी झाली ती ओळ.

दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा. शाळा सकाळची झालेली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, बहिणीच्या आजारपणासाठी पुण्याला गेल्या आणि शाळा माझ्यावर सोपवून गेल्या. एकविसाव्या वर्षी चार्ज! मी लगेच घड्याळ घेऊन बसले. ओळ रोज प्रार्थनेनंतर पोचत होती. चौकशी केली तर कळलं, उन्हाळ्यात भागूबाई तोफखान्याच्या गल्लीतून येतच नाहीत. बाहेरून मोठा वळसा घालतात, गल्लीच्या तोंडाशी थांबतात आणि तिथल्या मुली त्यांच्याकडं येतात. मी सांगितलं, उद्यापासून सरळ गल्लीतून यायचं.

"त्या टायमाला गल्लीत तानी आसती बाई."

"मग त्यांना म्हणावं, जरा बाजूला घ्या."

भागूबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

ताणी बाजूला घ्यायला ती काय वाळत घातलेलं लुगडं होतं? आज माझं मलाच हसू येतं, आणि हसू संपलं की लाज वाटते. लुगड्याचं उभं सूत मागावर चढवण्याआधी साळी लोक ते रस्त्यावर ताणून धरतात. या घरापासून त्या घरापर्यंत, शेकडो धागे शेजारी शेजारी, आधाराला मधे मधे बांबू. त्याला खळ लावायची आणि ती वाळायच्या आत घरातल्या सगळ्यांनी मिळून कुंच्यानं धागा न् धागा मोकळा करायचा. ऊन चढलं की खळ कडक होते, म्हणून हे काम सकाळीच. तेवढा वेळ त्या गल्लीतून कुत्रंसुद्धा जपून जातं. हे सगळं नगरात पोरासोरांना ठाऊक होतं. मला नव्हतं, आणि विचारायचं माझ्या पदाला शोभत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः छत्री उघडून ओळीबरोबर गेले. गल्लीत नरसय्याअण्णांची ताणी लागलेली. लक्ष्मीचे वडील ते. गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तिरकी, पांढरीशुभ्र, ओली. भागूबाई थांबल्या. मी म्हणाले, "वाकून खालून जाऊ द्या मुलींना, त्यात काय?" पुढच्या सगळ्या जणी वाकून गेल्या. त्यांनी गाठी सोडल्या नव्हत्या, कारण गाठ सोडायची नाही हे तर भागूबाईंनीच शिकवलेलं. शेवटच्या गाठीवर ठकू. ती नेहमीसारखी रेंगाळली होती. पुढच्यांनी ओढ दिली, चऱ्हाट ताणलं गेलं, वर उचललं गेलं आणि सुतात अडकलं. पहिला बांबू कलला, मग दुसरा. बघता बघता सगळी ताणी धुळीत.

अण्णा हातातला कुंचा तसाच धरून उभे राहिले. त्यांची बायको मटकन् पायरीवर बसली. भागूबाई पुढं झाल्या, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "अण्णा, माजी चूक झाली. मी आनलं पोरींना हिकडनं."

अण्णा म्हणाले, "भागूबाई, इतक्या वरसात या वक्ताला कधी आली नाही तू. आज कशी आली?" आणि त्यांनी माझ्या छत्रीकडं पाहिलं. त्यांना सगळं समजलं. मला वाटतं, मी एक शब्द बोलायची ते वाट बघत होते. मी बोलले नाही. ते गप्प राहणं अजून मला टोचतं, इतक्या वर्षांनंतरही. मग ते म्हणाले, "आमच्या पोरी येणार नाही आता." बाकीच्या घरांनीही तेच केलं.

पुढचे दोन दिवस चऱ्हाटावर मधल्या मधल्या गाठी रिकाम्या. मी म्हटलं, बाकीच्या मुलींना पुढं सरकवा, म्हणजे ओळ भरलेली दिसेल. भागूबाईंनी पहिल्यांदाच माझं ऐकलं नाही. "त्या गाठी त्यांच्या हायेत," एवढंच म्हणाल्या. मला एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी त्या माझ्या खोलीवर आल्या. "चला बाई, तोफखान्यात जायचंय." मी गेले. अण्णांच्या ओसरीवर ती मळलेली ताणी धुऊन पसरलेली होती आणि तुटलेल्या धाग्यांची टोकं सांधत घरची माणसं बसली होती. त्यांच्यात ठकू होती, तिची आई होती, रूथ होती. आणि खांबाला टेकून बुरखा मागं टाकून जैनबची नानी बसली होती. नानी टोप्यांवर भरतकाम करायची. धागा हा तिचा रोजचा. दोन टोकं चिमटीत धरून ती असा पीळ द्यायची की सांधा कुठं आहे ते शोधावं लागे. भागूबाई शनिवारभर घरोघर फिरून म्हणाल्या होत्या, "आपल्या पोरींच्या पायानं मोडलंय, आपल्या हातांनी सांधू या." मीही बसले. माझा पीळ सारखा सुटायचा. अण्णांची बायको माझ्या हातातून धागा घ्यायची आणि पुन्हा सांधायची. तिला तेलुगू येई, नानीला उर्दू. दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं आणि दुपारपर्यंत दोघी एकाच डब्यातलं पान खात होत्या.

निघताना नानी गल्लीच्या तोंडाशी थांबली. मागं वळून म्हणाली, "चालीस बरस हो गए नगर में, ये गली देखीच नै थी." झेंडीगेट ते तोफखाना, सावकाश चाललं तरी अर्ध्या तासाची वाट नाही.

मंगळवारी लक्ष्मी आपल्या गाठीवर हजर झाली. एवढंच नाही, ओळीला सकाळीही गल्लीतून जायची मुभा मिळाली. मात्र भागूबाईंनी नवी रीत काढली. ताणी आली की आधी त्या स्वतः वाकून पलीकडं जात आणि उजव्या हाताचा पंजा सुताखाली छतासारखा धरत. मुलींनी चऱ्हाट सोडायचं आणि एकेकीनं त्या पंजाखालून जायचं. डोकं वर आलं तर ते पंजाला लागे, सुताला नाही. शेवटची ठकू पलीकडं आली की पंजा खाली. त्या दिवसापासून एकही धागा तुटला नाही. नानीचं भरतकामाचं सूत अण्णांकडून जाऊ लागलं. माळीवाड्याची भाजी ख्रिस्तगल्लीत आधी पोचू लागली, आणि नाताळात ख्रिस्तगल्लीच्या करंज्या माळीवाड्यातल्या त्या आजींच्या घरी. आजींनी त्या खाल्ल्या की नाही ठाऊक नाही, पण ताट रिकामं परत पाठवलं नाही. त्यात शेंगा घातल्या.

मोठ्या बाई परत आल्यावर मला म्हणाल्या, झाल्या प्रकारावर दोन ओळी लिहून दे, वर पाठवायच्या आहेत. अपराधी मनानं माणूस जरा जास्तच लिहितो. शेवटी मी लिहिलं, "मुलींना शाळेसाठी फार चालावे लागते. त्यांच्या राहत्या भागातच वर्ग निघाल्यास सोय होईल." अक्षर सुरेख आलं होतं. मोठ्या बाईंनी कौतुक केलं.

मग सत्तेचाळीस साल उजाडलं. झेंडे लागले, पेढे वाटले. पण त्याच वर्षी लांबून वाईट बातम्या येऊ लागल्या, निजामाच्या सरहद्दीकडून माणसं बोचकी घेऊन येऊ लागली, आणि कालपर्यंत जी वाट होती तिला लोक हद्द म्हणू लागले. माळीवाड्यातली चार माणसं भागूबाईंना म्हणाली, "ओळ झेंडीगेटातनं नेनार आसशीला, तर आमच्या पोरी यायच्या न्हाईत." भागूबाई म्हणाल्या, "न्हाई नेत."

मी हे ऐकलं आणि मनातून चिडले. जैनब तेव्हा चौथीत होती, वर्गात पहिली. संपलंच तिचं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम माळीवाड्यात जाऊन उभी राहिले. पाहते तर भागूबाई लांबून येताहेत, आणि चऱ्हाटावर आपल्या गाठीला एकटी जैनब. त्या तासभर आधी उठून एकट्या झेंडीगेटात गेल्या होत्या, दोनदा खोकल्या होत्या आणि तिला घेऊन उलट्या माळीवाड्यात आल्या होत्या. आता इथून दुसऱ्या वाटेनं शाळा. झेंडीगेट लागतच नव्हतं. चार माणसांतला एक जण काही बोलायला गेला, तर ठकूची आई पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "शबूद पाळलाय की त्यांनी. जा गं ठके." ठकू पळत जाऊन आपल्या गाठीवर उभी राहिली आणि जैनबला विचारू लागली, तुमच्यात आज काय केलंय.

दोन वेळा तेवढं अंतर, जाताना आणि येताना, किती महिने त्या चालल्या! पाय सुजायचे. मी तेल आणून दिलं तर म्हणाल्या, "ओळ शाबूत हाय बाई. पायाचं काय, पाय चालायलाच दिल्यात."

आणि मग, सगळं निवळत आलेलं असताना, हुकूम आला. प्रत्येक भागात मुलींचा स्वतंत्र वर्ग. माळीवाड्यात धर्मशाळेत, झेंडीगेटात उर्दूतून, ख्रिस्तगल्लीत, तोफखान्यात. लोक खूश झाले, आणि का होऊ नयेत? मुलगी दारात शिकणार. मोठ्या बाईंनी हुकूम वाचून दाखवला. त्यात कारण दिलं होतं: मुलींना शाळेसाठी फार चालावे लागते. माझंच वाक्य. चार वर्षं कुठल्या तरी फायलीत झोपलं होतं, ते उठून आलं.

या वेळी मी गप्प बसले नाही. भागूबाई अंगणात चऱ्हाट झटकत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, की हे मी लिहिलं होतं. त्यांनी झटकणं थांबवलं.

"तुमी खोटं थोडंच लिवलं? पोरींचं पाय दुखत्यातच की." मग चऱ्हाटाचं वेटोळं करत म्हणाल्या, "पर बाई, आता ह्या गल्लीची पोर त्या गल्लीत कशाला जाईल?"

मी रडले, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. चूक माझी आणि समजूत त्यांनी घालायची, हे आमचं दुसऱ्यांदा झालं.

त्यांना माळीवाड्याच्या वर्गात पाणी भरायचं काम मिळालं. जैनब पुढं कुठवर शिकली, मला कळलं नाही. माझी कोल्हारला बदली झाली. मोठं गाव, प्रवरेचं पाणी, मी माहेराजवळ जात होते. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. निघायच्या दिवशी भागूबाईंना भेटायला वर्गावर गेले तर त्या नव्हत्या. उजाडायच्या आत पाणी भरून कुठंतरी जातात, एवढंच तिथल्या बाईंना ठाऊक होतं.

टांगा तोफखान्यावरून निघाला. गल्लीच्या तोंडाशी पुढं बैलगाडी आडवी आली म्हणून टांगेवाल्यानं लगाम खेचला. मी सहज आत पाहिलं. ताणी लागलेली होती, उन्हात पांढरी. अण्णा कुंचा फिरवत होते. आणि पलीकडून, ढांगा टाकत, भागूबाई येत होत्या. हातात चऱ्हाट नव्हतं. दर दहा पावलांनी मान मागं. मागं कुणी नव्हतं.

ताणीपाशी आल्या, वाकल्या, अलीकडं आल्या. आणि उजवा हात वर करून त्यांनी पंजा सुताखाली धरला. अण्णांचा कुंचा थांबला. मी मनात नावं घेऊ लागले. लक्ष्मी गेली, रूथ गेली, जैनब गेली. बैलगाडी पुढं सरकली, टांगेवाला म्हणाला, "निगायचं का बाई?" मी म्हटलं, "जरा थांबा."

एक मुलगी अजून यायची होती. ठकू नेहमीच मागं रेंगाळायची. भागूबाई थांबल्या होत्या, मीही थांबले. मग त्यांनी पंजा हळूच खाली घेतला.